सुईनंतरचा अर्धा तास

लसीचा डबा भरताना आईसपॅक कानाशी धरून हलवायचा. आत पाण्याचा बारीक डुबूक आवाज आला तरच तो डब्यात ठेवायचा. फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा पॅक तसाच ठेवला, तर त्याला चिकटलेली पेंटा (पेंटाव्हॅलंट) लसीची कुपी गोठते. एकदा गोठलेली पेंटा पुन्हा पातळ झाली तरी कामातून गेलेली असते, आणि नुसतं बघून ते सहज कळत नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी चारही पॅक टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटेपर्यंत थांबायचं, मग कानाला लावायचे. कुपीवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिका आहे ना, ते बघायचं. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी फोडली की तिच्यावर वेळ लिहायची, कारण पुढच्या चार तासांत ती संपवायची किंवा टाकायची.

हे सगळं मला प्रशिक्षणात नीट शिकवलं गेलं. सुई टोचून झाल्यावर आई आणि बाळ अर्धा तास समोर बसून राहतात, त्या अर्ध्या तासात काय करायचं, यावर मात्र पुस्तकात चार वाक्यं होती. कोणती लस दिली ते सांगा. काय त्रास होऊ शकतो ते सांगा. पुढची तारीख सांगा. कार्ड सोबत आणायला सांगा. आरोग्यसेविका म्हणून माझं हे सोळावं वर्ष आहे, आणि ती चार वाक्यं मी अजून शिकते आहे.

माझी गावं साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या वाटेला लागलं की सुरू होतात. खाली किनाऱ्याला कोळीवाडे, मध्ये आगरी वस्ती, वर डोंगराच्या कुशीत कातकरी आणि ठाकूर वाड्या. लसीकरणाचा दिवस अंगणवाडीत. आशाताई सकाळीच यादी घेऊन घरोघर फिरून आलेली असते, सेविका काटा टांगून ठेवते, मदतनीस सतरंजी झटकते. दहा वाजेपर्यंत दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत रडण्याचा कल्ला.

दीड महिन्याच्या बाळाची फेरी सगळ्यात अवघड. तोंडात पोलिओचे थेंब, रोटाची मात्रा, मग डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल, उजव्या दंडावर पोलिओच्याच आयपीव्ही लसीची बारीकशी टोचणी. न्यूमोकोकल आपल्याकडे २०२१ मध्ये आली, तेव्हापासून या फेरीला सुया तीन झाल्या. पहिलटकरणीचा चेहरा बाळाआधी उतरतो. मी तिला आधीच सांगते, पदराखाली घे, दूध सुरू ठेव, मी माझं काम करते. बाळ कळवळतं, पण तोंडात दूध असलं की लवकर निवतं.

आणि मग तो अर्धा तास. लस अंगाला उलटली तर लगेच कळावं आणि आपण जवळ असावं, म्हणून तो ठेवलेला आहे. पण बाळ दूध पिऊन झोपलेलं, आई भिंतीला टेकलेली, सासूबाई शेजारी, घरचं काम दूर राहिलेलं, अशी वेळ त्या बाईच्या आयुष्यात एरवी येत नाही. ती वाया घालवायची नाही, हे मला एका चुकीनंतर कळलं.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. त्या दिवशी वीसेक बाळं होती आणि हातात यादी. कोळीवाड्यातल्या एका दीड महिन्याच्या मुलाला तेव्हाची त्रिगुणी लस (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची) दिली, कार्डावर पुढची तारीख टाकली आणि "पुढच्या महिन्यात या" म्हणून पुढच्या बाळाकडे वळले. ताप येईल, मांडी लाल होईल, गाठ येईल, यातलं एक अक्षर बोलले नाही. रात्री मुलाला ताप चढला, ते रात्रभर रडलं, घरच्यांनी मांडीवर गरम पोटीस बांधलं. पुढच्या फेरीला त्याची आई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी घरी गेले तर सून आत निघून जायची आणि आजी दारात उभी राहायची. चौथ्या खेपेला आजीने विचारलं, "ताप येनार व्हता त तवाच का नाय सांगितलंस बाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "चूक झाली, मावशी. माझी चूक झाली." तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग आत हाक मारून सुनेला चहा टाकायला सांगितलं. पुढच्या महिन्यात मुलगा आला तेव्हा त्याला पाचवा महिना लागला होता. राहिलेले डोस त्याचे नंतर पूर्ण झाले. पण ते मधले अडीच महिने ते पोर डांग्या खोकल्यापुढे जवळजवळ उघडं होतं, हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

आता मी तापाचं सुईच्या आधीच सांगते. "आज रात्री अंग गरम होईल. लस लागू पडतेय, असं समज. आशाताईने दिलेलं औषध वजनावर ठरवलेलं आहे, तेवढंच द्यायचं. मांडीवर काही लावायचं नाही, शेकायचं नाही, गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं. दूध तोडायचं नाही. दोन दिवसांनीही ताप राहिला, नाहीतर पोर दूध ओढेनासं झालं, तर मला फोन." आणि हे सुनेकडे बघून सांगत नाही, सासूकडे बघून सांगते. रात्री दोन वाजता बाळ रडायला लागलं की घरात शब्द कोणाचा चालतो, ते मला ठाऊक आहे.

त्या खोलीत बसलेल्या बायकांची बोलीही एक नसते. कोळणींचं वेगळं, आगरी बायकांचं वेगळं, कातकरणींचं आणखी वेगळं. कोर्लईची आई माझ्याशी मराठीत बोलते आणि मांडीवरच्या बाळाला त्यांच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत समजावते. भिंतीवरच्या तक्त्यावर 'पूरक आहार' आणि 'निर्जलीकरण' लिहिलेलं असतं. हे शब्द कोणाच्याच घरातले नाहीत. 'वरचं खाणं' म्हटलं की सगळ्या माना वर होतात. 'टाळू खचली, डोळे खोल गेले, रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही' म्हटलं की एखादी आजी लगेच सांगते, आमच्या अमक्याचं असंच झालं होतं.

वरच्या खाण्याचा विषय किनाऱ्यावर माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे आता बऱ्याच घरांत मानलं जातं. पण सहा महिन्यांनंतर वर्षाचं होईपर्यंत बाळाच्या तोंडात काय जातं? भाताची पेज. वरणाचं पाणी. ज्या घरात पहाटे टोपलीभर मासळी उतरते, त्या घरातलं पोर कुपोषण मोजायच्या दंडाच्या पट्टीवर पिवळ्यात येतं. पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या खाली आली की पिवळी, साडेअकराच्या खाली लाल. चांगली मासळी बाजारात जाते हे खरंच आहे, तिच्यावर घर चालतं. पण मासळी बाळाला जड पडते, जंत होतात, ही समजूतही मोठी आहे. मी त्यावर वाद घालत नाही. विचारते, "बाळंतिणीला काय घालता?" उत्तर ठरलेलं, मुडदुशे. हलकं असतं म्हणून. "मग आईला हलकं ते सात महिन्यांच्या पोराला का जड व्हावं?" काटा काढलेला बोटभर मुडदुशा मऊ भातात कुस्करायचा, वर चमचाभर तेल, मीठ नाही. एकदा अंगणवाडीतच करून एका बाळाला भरवला. बाळाने तोंड वासून आणखी मागितलं, त्यानंतर मला काही बोलावं लागलं नाही.

सगळ्याच रीतींना हात घालायचा नाही, हेही हळूहळू कळलं. आशाताईच्या घरभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभं केलेलं काम आहे. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, आणि नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घेता येते हे देशाला पटलं. आमच्याकडे त्याच दिवसांच्या आसपास सटवाईची पूजा असते, बारसं असतं, घर बायकांनी भरलेलं असतं. तेल लावून अंग चोळणं चालू दे, नाळेवर मात्र कसलीच पूड नको. धुरी खोलीबाहेर. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. गुटीची सहाण ओलसर पडून असते आणि जुलाब तिथून सुरू होतात, म्हणून गुटीही नको. काजळ डोळ्यात नको, पण दृष्टीची तीट तळपायाला लावा, खुशाल लावा. सगळंच नाकारलं की बाई नुसती "हो ताई" म्हणते आणि घरी जाऊन सगळंच करते.

जुलाबांचा विषय पावसाळ्यात. ओआरएसच्या पुडीवर लिहिलेलं असतं, एक लिटर पाण्यात. मी वर्षानुवर्षं तेच सांगत आले. एका आषाढात एका आगरी घरी गेले तर आजी पेलाभर पाण्यात आख्खी पुडी ढवळून चमच्याने पाजत होती. इतकं दाट पाणी बाळाला अपाय करतं. मी सांगितलेलं तिने ऐकलं होतं, मनापासून पाळतही होती. त्या घरात डिझेल लिटरने येत होतं, पण पाणी कधी लिटरने मोजलं गेलं नव्हतं. पाणी तांब्याने मोजतात, आणि तांब्याचं माप ज्याचं त्याचं. त्या दिवशी पाण्याची लिटरची रिकामी बाटली घेऊन मी शेजारची पाच घरं फिरले. एक तांब्या पाऊण लिटरलाच काठोकाठ भरला, दुसऱ्यात लिटर ओतूनही जागा उरली. तेव्हापासून माझ्या पिशवीत लाल नेलपॉलिशची बाटली असते. घरातलं एक भांडं निवडायचं, त्यात मापाचं लिटर पाणी ओतायचं आणि आतून जिथवर आलं तिथे बाहेरून रेघ मारायची. मग आजीलाच म्हणायचं, "आता मला करून दाखव." ती पुडी कापते, रेघेपर्यंत पाणी भरते, ढवळते, आधी स्वतः चव घेते. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकायचं, हे ती मग आपणहून दुसरीला सांगते.

१९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून पटकीचे रोगी वाचवले. नातेवाईकच पेल्यांनी ते पाजत होते. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं, की औषध घरच्यांच्या हातात दिलं गेलं. झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि उरलेली पट्टी फळीवर जाते. म्हणून मी पट्टीवरच्या चौदाही गोळ्यांवर पेनाने आकडे टाकते, सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अर्धी गोळी, आणि पट्टी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवायला सांगते.

वरच्या वाड्यांवर अडचण निराळी. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात बाळ कुठे, कार्ड कुठे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर कितीतरी घरांत मी कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने वाळत घातलेली लसीची कार्डं पाहिली. शाई पसरलेली, तारखा पुसलेल्या, पण बायकांनी ती टाकली नव्हती. आता नोंद यू-विन या सरकारी पोर्टलवर असते, तरी मी कार्डाला प्लॅस्टिकची पिशवी देते आणि बापाच्या मोबाइलवर फोटो काढायला लावते. भट्टीजवळच्या उपकेंद्रात तो फोटो दाखवला तरी चालतं, हे त्याला तीनतीनदा सांगते, कारण परक्या गावी दवाखान्याची पायरी चढायला त्याला संकोच वाटतो.

बाप भेटण्याचे दिवस कोळीवाड्यात जून-जुलै. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या, पुरुष ओसरीवर जाळी विणत बसलेले. एरवी माझ्या यादीत बाप नुसता नावापुरता असतो. या दोन महिन्यांत बाळाला घेऊन तोच येतो, आणि खरं सांगायचं तर बायकांपेक्षा जास्त प्रश्न विचारतो.

गेल्या जुलैत असाच एक आला. मुलगी दीड महिन्याची. तिन्ही सुयांना त्याने तोंड फिरवलं. अर्ध्या तासात मी त्याला श्वास मोजायला शिकवलं. झबलं वर करायचं, पोर शांत असताना पोटाकडे बघायचं, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षापर्यंत पन्नास, पुढे चाळीस. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला तर आकडाही मोजत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. इथून अलिबागचं जिल्हा रुग्णालय लांब, पावसात रात्रीची वाट. सकाळपर्यंत बघू, हे वाक्य या किनाऱ्यावर बाळांना परवडत नाही. त्याने मोबाइलवर मिनिट लावलं आणि ओठ हलवत मोजलं. बेचाळीस. मी मोजले, त्रेचाळीस. "एक चुकला," तो म्हणाला. जाळ्याचे डोळे मोजणाऱ्या माणसाला एक चुकणं खटकत होतं.

दोन वाजता सुयांची टोकं कापून डब्यात, उघडलेली बीसीजीची कुपी बाजूला, उरलेली लस पुन्हा लसीच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेंटा दिलेल्या सगळ्या घरांना फोन करते. त्या आजीने दारात विचारलं तेव्हापासून करते. श्वास मोजणाऱ्या त्या बापाच्या घरी फोन लावला, तर त्यानेच उचलला.

"ताप आला का?"

"आला ना. बारा वाजता. औषध दिलं, फडकं ठेवलं. दूध पितेय."

"आणि श्वास?"

"थांबा, झोपलीय. मोजतो."

मी फोन कानाशी धरून बसून राहिले. पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता.