संगणकाचे पहारेकरी (भाग ११) : संजय काटकर आणि फ्लॉपीचा पहिला सेक्टर

संजय काटकर यांचा अँटिव्हायरस पुण्यात, मंगळवार पेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात जन्माला आला. दुकान थोरले बंधू कैलाश यांचे. काटकर कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर भागातले. वडील पुण्यात फिलिप्सच्या कारखान्यात मशीन सेटर होते. दहावीनंतर कैलाश यांनी शिक्षण सोडले आणि रेडिओ-कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर नोकरी धरली. पुढे पंधरा हजारांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. बँकांमधली कॅलक्युलेटर दुरुस्त करता करता त्यांना तिथे नव्याने आलेला संगणक दिसला आणि पुढचा धंदा यातच आहे हे त्यांनी हेरले. संजय यांचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे होता. संगणकच शीक, हा आग्रह थोरल्याचा. संजय शिवाजीनगरच्या मॉडर्न महाविद्यालयात दाखल झाले आणि संगणकशास्त्रात आधी पदवी, मग पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत व्हायरसने संगणक बंद पडायचे आणि भावाच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांचीही तीच रड. संजय त्या व्हायरसांची चिरफाड करू लागले. एकेका व्हायरसवर एकेक छोटा प्रोग्राम लिहायचा, कैलाश यांनी तो गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालवायचा, असा क्रम पडला. लाहोरमध्ये संगणकाचेच दुकान चालवणाऱ्या दोघा भावांनी, अमजद आणि बासित अल्वी यांनी, १९८६ मध्ये ब्रेन हा व्हायरस सोडला; त्याची हकीकत गेल्या दोन भागांत झालीच आहे. उताराही दोघा भावांच्याच दुकानातून यावा, हा योगायोग मोठा गमतीचा.

इथे एका पत्राची दखल घ्यावी लागते. नव्वदच्या दशकात इंदापूरला एका पतसंस्थेत हिशेब सांभाळणाऱ्या वाचकाने ब्रेनवरचा भाग वाचून विचारले आहे : 'खतावणीच्या फाइली फ्लॉपीत घालून छापायला बारामतीला न्यायचो. फ्लॉपीत प्रोग्राम म्हणून एकही नसायचा, नुसते आकडे. तरी परत आलेल्या फ्लॉपीने आमचा संगणक आजारी पडायचा, तो कसा?' प्रश्न नेमका आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय काटकरांचे सुरुवातीचे काम कळायचे नाही. म्हणून या भागासाठी कबूल केलेला कॉसमॉस बँकेवरचा २०१८ चा हल्ला एक आठवडा पुढे ढकलला आहे.

फ्लॉपीत प्रोग्राम नव्हता, ही समजूतच खोटी. फॉरमॅट केलेल्या प्रत्येक फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटांच्या पहिल्या कप्प्यात, एक इवलासा प्रोग्राम असतोच. फाइलींच्या यादीत तो दिसत नाही, डिलीट करून जात नाही. त्या काळचा पीसी सुरू झाला की आधी 'ए' ड्राइव्हमध्ये डोकावायचा. तिथे फ्लॉपी सापडली, तर तिचा पहिला सेक्टर मेमरीत उचलून काही न विचारता चालवायचा. फ्लॉपीवर डॉस असले तर हा प्रोग्राम त्याला जागे करी. नसले तर 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' एवढे पडद्यावर लिहून थांबे. बूट सेक्टर व्हायरस बसायचा तो याच कप्प्यात, मूळ प्रोग्रामला दुसरीकडे हलवून.

आता इंदापूरची दुपार. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये आहे, नोंदी चालू आहेत आणि लाइट जाते. यूपीएस नाही, किंवा असला तरी बॅटरी उतरलेली. तासाभराने लाइट येते, संगणक सुरू होतो आणि आत राहिलेल्या फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचतो. व्हायरस आधी हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये स्वतःची प्रत बसवतो आणि मगच मूळ प्रोग्रामच्या हाती कारभार देतो. पडद्यावर तो नेहमीचा संदेश उमटतो. कारकून फ्लॉपी काढतो, एक बटण दाबतो, यंत्र सुरळीत चालू होते. त्याला वाटते, फ्लॉपी विसरली होती, काढली, मिटले. इथून पुढे त्या यंत्रात घातलेली प्रत्येक फ्लॉपी, लिहिण्यापासून बंद केलेली नसेल तर, व्हायरस घेऊनच बाहेर पडते. बूट व्हायरसच्या प्रसाराचे खापर लोक चोरून आणलेल्या खेळांवर फोडत. तालुक्याच्या गावी जाऊन-येऊन असणाऱ्या विजेचा वाटा त्याहून लहान नसावा.

ज्यांना माहीत होते ते एका आकड्यावरून निदान करत. डॉसमध्ये 'चेकडिस्क' ही आज्ञा दिली की शेवटच्या ओळींत एकूण मेमरी दिसे : निरोगी ६४० केबीच्या यंत्रात ६५५३६०. बूट व्हायरस मेमरीच्या वरच्या टोकाला ठाण मांडून बसायचा आणि तेवढी मेमरी डॉसपासून लपवायचा. आकडा ६५३३१२ दिसला तर दोन केबी गायब, म्हणजे स्टोन्ड किंवा मायकेलअँजेलोचा संशय. ६४९२१६ दिसला तर सहा केबी गायब, आणि बहुधा 'जोशी'. हा जोशी व्हायरस १९९० मध्ये भारतातच सापडला. दर ५ जानेवारीला तो यंत्र अडवून पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करण्याची मागणी करायचा. टाइप केले की मुकाट्याने वाट सोडायचा. वाढदिवसाच्या शुभेच्छा वसूल करून घेणारे हे जोशी तसे निरुपद्रवी निघाले. मायकेलअँजेलो तसा नव्हता. ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, यंत्र सुरू केले की तो हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहीत सुटायचा. खुद्द व्हायरसमध्ये शिल्पकाराचे नाव कुठेच नाही. तारीख पाहून लोकांनी ठेवलेले ते नाव. १९९२ च्या ६ मार्चला जगभरात पन्नास लाखांपर्यंत संगणक बळी पडतील, असा अंदाज अँटिव्हायरस विकणाऱ्या जॉन मॅकफी यांच्या नावे वर्तमानपत्रांतून गाजला. फटका प्रत्यक्षात दहा-वीस हजार यंत्रांनाच बसला. घबराटीने मॅकफींचा माल मात्र भरपूर खपला.

व्हायरस ओळखणे हे काम अर्धेच. दुरुस्तीच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक 'यात व्हायरस आहे' एवढे ऐकायला येत नाही. त्याला खतावणी परत हवी असते. डिस्क फॉरमॅट करून देणे कुणालाही जमते, आणि कित्येक दुकानदार तेच करत. डेटा न गमावता दुरुस्ती करायची, तर व्हायरसने मूळ सेक्टर कुठे लपवला आहे ते अचूक ठाऊक हवे. स्टोन्ड आणि मायकेलअँजेलो हार्ड डिस्कवर तो सातव्या सेक्टरमध्ये ठेवत. तिथून उचलून पहिल्यात परत ठेवला की यंत्र बरे. एकाच यंत्राला दोघांचीही लागण झाली, की मात्र पंचाईत. आधी आलेला मूळ सेक्टर सातव्यात ठेवतो. मागून आलेला पहिल्याला 'मूळ' समजून त्याच सातव्यात आणून टाकतो आणि खरा मूळ सेक्टर कायमचा पुसला जातो. अशा डिस्कवर सातवा सेक्टर डोळे झाकून पुढे आणला तर एक व्हायरस काढून दुसरा बसवल्यासारखे होते. तिथे पार्टिशनची नोंद तपासून बूटचा प्रोग्राम नव्याने लिहावा लागतो. डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून 'एफडिस्क' नेमके हेच करून देई, आणि माहीतगार मंडळी तो बिनधास्त चालवत. मग 'मंकी' आला. तो पार्टिशनची नोंद जागेवर ठेवतच नसे, त्यामुळे त्याच्यावर एफडिस्क चालवले की 'सी' ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. औषधाने रोगी दगावण्याचा हा प्रकार.

या खाचाखोचा टेबलावर येणाऱ्या नासक्या डिस्का पाहूनच कळत होत्या, आणि काटकर बंधूंकडे त्यांची रीघ होती. परदेशी कंपन्यांच्या अँटिव्हायरसांशी टक्कर देताना पुण्यातल्या एका विद्यार्थ्याच्या हाती ही एकच जमेची बाजू होती. आणि ती छोटी नव्हती : पुण्यात आणि आसपास खरोखर फिरणारे व्हायरस त्याच्याकडे आधी यायचे, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत मागाहून.

१९९३ मध्ये भावांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे नाव घेतले. १९९५ मध्ये ती खासगी मर्यादित कंपनी झाली. सुटे प्रोग्राम एकत्र करून डॉसवर चालणारा क्विक हील याच सुमारास विक्रीला आला. दुरुस्तीचा धंदा चालूच होता, कारण घर त्यावर चालायचे. विक्री हा भाग बराच काळ लंगडा राहिला. पुण्याबाहेर कुणी ओळखत नव्हते आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अँटिव्हायरसचा व्यवसाय गुंडाळावा की काय, इथपर्यंत गोष्ट गेली होती. अभिजित जोरवेकर विक्री सांभाळायला आले, दुकानदारांचे जाळे विणले गेले आणि गाडी रुळावर आली. परवडणारी किंमत आणि हाकेला धावणारी सेवा, यांवर माल खपला. संगणक विकणारा जो दुकानदार, तोच खोक्यातला अँटिव्हायरसही विकायचा. बारामती-इंदापूरसारख्या गावांत पोचण्याची वाट तीच होती.

संजय यांचे काम तोवर पार बदलून गेले. १९९५ मध्ये वर्डच्या फाइलीतून पसरणारा 'कन्सेप्ट' आला आणि साध्या पत्रालाही लागण होऊ लागली. २६ एप्रिल १९९९ रोजी 'सीआयएच' ऊर्फ चेर्नोबिलने डिस्कचा पहिला मेगाबाइट पुसलाच, शिवाय काही यंत्रांत मदरबोर्डवरची बायोस चिपही निकामी केली. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याची ती करणी. वर्षभराने 'लव्ह लेटर' ईमेलवर स्वार होऊन आले. एका व्हायरसला एक प्रोग्राम हा हिशेब केव्हाच मोडला होता. रोजचे नमुने गोळा करणारी, त्यांची लक्षणे काढून इंटरनेटवरून गिऱ्हाइकांना पाठवणारी प्रयोगशाळा उभारावी लागली, आणि ती संजय यांच्या देखरेखीखाली उभी राहिली. फ्लॉपीवरून अपडेट मिळवण्याच्या काळात तालुक्याचे गाव शहराच्या कित्येक आठवडे मागे असे. डायलअप आले, तसे हे अंतर तुटू लागले.

२००७ मध्ये कंपनीचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. २०१० मध्ये सेक्वोया या गुंतवणूक संस्थेने तीत सुमारे ६० कोटी रुपये घातले. कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालयांसाठी सेक्राइट हा वेगळा ब्रँड २०१५ मध्ये निघाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांना एक या भावाने समभाग विकून कंपनी शेअर बाजारात आली. कैलाश व्यवस्थापकीय संचालक, संजय सहव्यवस्थापकीय संचालक आणि तंत्रज्ञानाचे प्रमुख, अशी कामाची वाटणी झाली. गिऱ्हाईक थोरल्याकडे आणि यंत्र धाकट्याकडे, ही मंगळवार पेठेतलीच घडी. घरोघरच्या संगणकांत विंडोज स्वतःचा अँटिव्हायरस फुकट देऊ लागल्यावर खोक्यातल्या मालाचा बाजार आकसला, आणि सेक्राइटला कंपनीत वाढते महत्त्व आले.

पुढील भागात : कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. इंदापूरच्या पत्रातला दुसरा प्रश्न, पेनड्राइव्हमधल्या 'ऑटोरन'चा, त्यानंतरच्या भागात.