मनूचा मासा आणि आमची काचेची पेटी

मनूच्या ओंजळींत आलेल्या चिमुकल्या माशाची कथा आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. शतपथ ब्राह्मणांत ती आली आहे. सकाळीं हात धुण्याच्या पाण्यांत मासा सांपडला. मनूनें त्यास मडक्यांत ठेविलें. मडकें अपुरें पडलें तेव्हां खड्डा खणून त्यांत, आणि तोही पुरेना तेव्हां समुद्रांत नेऊन सोडिलें. तिच्यांतील व्यवहाराचा उपदेश मात्र आमच्या ध्यानांत आला तो फार उशिरां, आणि तोही दिवाणखान्यांतील एका काचेच्या पेटीमुळें.

सारस्वत बंधूंची गोष्ट वेगळी. आमच्यासारख्यांच्या घरांत माशाशीं परिचय तो मत्स्यावतारापुरताच. त्यामुळें नातवानें वाढदिवसाच्या पैशांतून दोन मासे आणिले, तेव्हां दुकानदारानें सांगितलेलें ‘शार्क’ हें नांव आम्हीं सर्वांनीं निमूटपणें मानिलें. बोटाएवढे रुपेरी जीव, अंगावर काळे पट्टे, सदा लगबग. सहा महिन्यांत ते वीतभर झाले. दिवा लावतांच दचकून काचेवर आपटूं लागले. एकाचें नाक सोलवटलेलें पाहून मुलगा रडवेला झाला व म्हणाला, “आजोबा, हे आणखी किती वाढणार?” उत्तर देण्यापूर्वीं मासा कोण, हें कळणें अवश्य होतें.

‘शार्क’ म्हणून आपल्याकडे दोन निरनिराळे मासे विकले जातात, आणि दोन्ही खरे शार्क नव्हेत. एक बाला शार्क. तो रोहू-कटल्याच्या कुळांतला. त्यास लांब मिशा नाहींत, अंगभर चकचकीत खवले आहेत व परांच्या कडा काळ्या आहेत. तोही फूटभर होतो. दुसऱ्याच्या अंगावर खवले नसतात, तोंडापाशीं मिशांच्या दोन जोड्या असतात, आणि पाठीवरील उंच परामागें शेपटीजवळ एक लहानसा मांसल पर असतो. बालपणीं कुशीवरून काळे पट्टे धांवतात. वय वाढतां ते फिकट होतात. आमचे मासे या दुसऱ्या जातीचे निघाले. शास्त्रांत यास पँगासियानोडॉन हायपोफ्थॅल्मस म्हणतात. मेकाँग व चाओ फ्राया या नद्या याचें माहेर. उपाहारगृहांत ‘बासा’ म्हणून मिळतो तो बहुधा हाच. पूर्ण वाढ १३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सव्वाचार फूट, आणि वजन ४४ किलोपर्यंत! आमची पेटी दोन फुटांची. थव्यानें राहून अंडीं घालण्यासाठीं नदीच्या वरच्या अंगास दूरवर जाणारा हा जीव काचेवर डोकें आपटील यांत नवल तें काय?

अशीं फसवीं पिलें आणखीही आहेत. ॲमेझॉनमधील लालशेपट्या पिलूंपणीं दोन-तीन इंच व मोठा देखणा असतो: पाठ काळी, कुशीवर पांढरा पट्टा, शेपूट तांबडें. तोही चार फुटांवर जातो व सोबत्यांस गिळतो. काच चाटणारा ‘सकर’ घेतांना पाठीवरचा पर उभारलेला असतां त्याच्या काड्या मोजाव्या. पुढच्या कांट्यामागें सात-आठ असतील तर तो वीतभर राहणारा ब्रिसलनोज असण्याचा संभव. दहा किंवा अधिक असल्यास दीड फुटी जात समजावी. लहान पेटीस शोभतो तो कॉरिडोरस. याच्या बहुतेक जाती दोन-तीन इंचांवर जात नाहींत.

“पेटीएवढाच मासा वाढतो” अशी एक समजूत आहे. ती घातक आहे. कोंदट, मलिन पाण्यांत वाढ खुंटते खरी. पण ती प्रकृति खालावल्याची खूण होय, सोयीची व्यवस्था नव्हे.

मग समुद्राचा मार्ग? शेजाऱ्यांनीं “नदींत सोडून द्या, पुण्य लागेल” असें सुचविलें. येथें मनूचें अनुकरण करूं नये. परका मासा आपल्या पाण्यांत सोडणें हें पुण्य नव्हे. असेच सोडलेले सकर कोलकात्याच्या पाणथळींत व केरळांतील पाण्यांत माजले. ते काठांत बिळें पाडतात व कोळ्यांचीं जाळीं फाडतात. दुकानदारास परत द्यावा, किंवा मोठें हौद असलेल्या जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावा.

आमच्या दोघां पाहुण्यांस एका स्नेह्याच्या मळ्यांतील मोठ्या बांधीव हौदांत जागा मिळाली. त्याचें पाणी ओढ्यास मिळत नाहीं. निरोप देतांना मुलाचे डोळे भरून आले. पण रविवारीं भेटावयास जाण्याचें वचन घेऊन तो परतला. पेटींत आतां सहा कॉरिडोरस आहेत, आणि ते आणण्यापूर्वीं त्यानेंच दुकानदारास विचारिलें, “यांचें खरें नांव काय, आणि हे मोठेपणीं केवढे होतात?”

मनूचा मासा भाग्याचा. मी मोठा झालों म्हणजे मला कोठें ठेव, हें तो स्वमुखानें सांगूं शकला. आमच्या माशांस वाचा नाहीं. म्हणून त्यांच्या मिशा आणि काड्या आपणच आधीं मोजल्या पाहिजेत.