सोडून गेलेल्या आईची गाणी

अमेरिकेतील गायक सुफियान स्टीव्हन्स जेमतेम एक वर्षाचा असताना त्याची आई कॅरी घर सोडून गेली. मनाचा आजार आणि दारू यांनी तिला ग्रासले होते. पुढे तिने लॉवेल ब्रॅम्स यांच्याशी लग्न केले. त्या दोघांकडे ऑरेगन राज्यात मुलांनी काही उन्हाळे काढले. सहवास काय तो तेवढाच! २०१२ साली कॅरी वारली. २०१५ साली मुलाने ‘कॅरी अँड लॉवेल’ हा अल्बम काढला.

आमचे इंग्रजी बेताचेच. पोरांनी अर्थ सांगितला, मग आम्ही ऐकला. ढोल नाही, बाजा नाही. तारांचा झंकार आणि कानाशी बोलल्यासारखा हळू आवाज. काही भाग तर हॉटेलच्या खोलीत मोबाइलवरच टिपलेला.

देशोदेशीच्या श्रोत्यांना ही गाणी आपली वाटली. अशा आईसाठी रडावे की तिच्यावर रागवावे, हे न उमगलेली माणसे सगळीकडे असतात. आमच्या चाळीतही आहेत. या मुलाने आईला देवी केले नाही. तिला क्षमा केली, आणि तिच्याजवळ राहण्याची ओढही लपवली नाही.

ऐकता ऐकता शेजारच्या एक ताई उठून आत गेल्या. गाणे संपेपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही.