जळतात, वाहतात, पुन्हा उभे राहतात : भूतानचे झोंग आणि विहार

आपल्याकडच्या बौद्ध वास्तू पाहायच्या म्हणजे कार्ले, भाजे, वेरूळ, अजिंठा. कातळ तोच राहिला, भिक्खू मात्र कधीच निघून गेले. भूतानमध्ये नेमकं उलट आढळतं. तिथे भिक्षूंचा राबता शतकानुशतकं सुरू आहे, पण वास्तू माती, दगड आणि लाकडाच्या. आगी लागतात, भूकंप होतात, नद्यांना पूर येतात, आणि दरवेळी त्याच जागी, त्याच घाटाची इमारत नव्याने उभी राहते. हे ध्यानात ठेवून फिरलं तर भूतानचा प्रवास नुसता छायाचित्रांपुरता उरत नाही.

पहिला परिचय होतो तो झोंगशी. तिबेटमधल्या रालुंग मठाचे शबद्रुंग नवांग नामग्याल 1616 मध्ये गादीच्या वादातून दक्षिणेला उतरले आणि त्यांनी विखुरलेली खोरी एका सत्तेखाली आणली. तिबेटकडून वारंवार स्वाऱ्या होत होत्या, म्हणून त्यांनी मोक्याच्या जागा हेरून तटबंदीच्या वास्तू बांधल्या, तेच हे झोंग. थिंफूजवळचा सिमतोखा झोंग 1629 मधला. कारभार आणि धर्म एकाच छताखाली नांदवण्याची पद्धत तिथून रुजली. मधोमध उत्से नावाचा उंच बुरूज, एका अंगाला सरकारी कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला मंदिरं आणि भिक्षूंच्या खोल्या. आजही जिल्ह्याचा कारभार बऱ्याच ठिकाणी झोंगमधूनच चालतो. फाइल काखेत घेतलेला कारकून आणि तांबड्या वस्त्रातला छोटा भिक्षू एकाच अंगणातून जाताना दिसतात. थिंफूच्या ताशिछो झोंगमध्ये राजाचं कार्यालय आहे, त्यामुळे कामाच्या दिवशी पर्यटकांना कचेरी सुटल्यावरच आत सोडतात.

सर्वांत देखणा म्हणावा तो पुनाखाचा झोंग. फो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर 1637-38 मध्ये तो उभा राहिला. 1907 साली भूतानचे पहिले राजे उग्येन वांगचुक यांचा राज्याभिषेक इथेच झाला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राजधानीही इथेच होती. शबद्रुंगांचा देह याच झोंगमध्ये जतन केलेला आहे. 1651 मध्ये ते गेले, पण राज्य विस्कटू नये म्हणून ‘महाराज एकांतवासात आहेत’ असं सांगत त्यांच्या निधनाची बातमी अनेक दशकं दडवून ठेवली गेली! पुनाखाची हवा उबदार, म्हणून धर्मप्रमुख जे खेनपो आणि मध्यवर्ती भिक्षुसंघ दर हिवाळ्यात थिंफूहून इथे मुक्कामाला येतात. या झोंगने आग, भूकंप, सगळं सोसलं. 1994 मध्ये वरच्या लुनाना भागातलं हिमतळं फुटलं आणि आलेल्या लोंढ्याने झोंगची मोठी हानी केली. आज आपण पाहतो तो झोंग त्यानंतर डागडुजी आणि पुनर्बांधणी होऊन सजलेला आहे.

पारोच्या कड्यावरचं ताक्त्सांग, म्हणजे सगळ्या कॅलेंडरांवर झळकणारा ‘वाघिणीचा मठ’, त्याचीही कथा हीच. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथल्या गुहेत आले आणि त्यांनी ध्यान केलं, अशी श्रद्धा. गुहेभोवतालचं मंदिर 1692 मधलं. ते 1998 च्या एप्रिलमध्ये आगीत भस्मसात झालं आणि 2005 मध्ये पुन्हा पूर्ण झालं. मठ समुद्रसपाटीपासून साधारण 3,100 मीटरवर, दरीतून सुमारे 900 मीटर उंच. पाइनच्या जंगलातून दोन-तीन तासांची चढण. अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे, घोडेही तिथपर्यंतच. शेवटी मात्र शेकडो पायऱ्या उतरून, धबधब्याजवळचा पूल ओलांडून पुन्हा चढावं लागतं. सकाळी लवकर निघावं. फोन आणि कॅमेरा दाराशीच जमा करतात.

लाकडाची बांधणी आणि मंदिरात अखंड तेवणारे लोण्याचे दिवे, हे आगीला आमंत्रणच. तिबेटवरच्या विजयाची आठवण म्हणून 1649 मध्ये बांधलेला पारो खोऱ्यातला द्रुकग्याल झोंग 1951 मध्ये जळाला आणि दीर्घकाळ भग्नावस्थेतच राहिला. त्याची पुनर्बांधणी 2016 मध्ये हाती घेतली गेली. वांगदी फोद्रांगचा झोंग 2012 च्या जूनमध्ये खाक झाला. भारत सरकारच्या अर्थसाहाय्याने तो नव्याने बांधला गेला आणि 2022 मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली.

हे जमतं कसं? कारण कसब टिकून आहे. परंपरेने झोंग नकाशा न काढता आणि लोखंडी खिळे न वापरता बांधले जात. सारी मापं मुख्य सुताराच्या डोक्यात. चित्रकला, लाकडी कोरीवकाम, मातीच्या मूर्ती, भरतकाम अशा तेरा पारंपरिक कला तिथे मानल्या आहेत आणि त्या शिकवणारी संस्था थिंफूमध्ये 1971 पासून आहे. बरीच भित्तिचित्रं आधी कापडावर रंगवून मग भिंतीवर चिकटवतात. संस्थेच्या वर्गात मुलं आखलेल्या चौकटींवर बुद्धमूर्तीची प्रमाणं गिरवत असतात. झोंग पाहण्याआधी ही संस्था पाहावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक भिंतीकडे आपण जाणत्या नजरेने बघतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना आणखी एक जोड साधता येते. फोबजिखा खोऱ्यात गांगते मठ आहे. ऑक्टोबरअखेरीस तिथे तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात आणि 11 नोव्हेंबरला मठाच्या अंगणात त्यांचा उत्सव भरतो. मुखवट्यांच्या नृत्यांचे त्सेचू उत्सव पाहायचे तर थिंफूचा शरदात आणि पारोचा वसंतात असतो. पारोला शेवटच्या दिवशी पहाटे इमारतीएवढा रेशमी पट उलगडतात आणि ऊन पडण्याआधी गुंडाळून ठेवतात.

व्यवहाराचं थोडं. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. 2022 पासून दर माणशी दर रात्री 1,200 रुपये शाश्वत विकास शुल्क आहे, मुलांना वयानुसार सवलत. चलन न्गुलत्रुम, रुपयाच्याच मोलाचं. झोंगमध्ये पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, टोपी काढावी, प्रदक्षिणा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घालावी. जेवणात एमा दात्शी, म्हणजे चीजमधल्या मिरच्यांची भाजी. तिथे मिरची हीच भाजी असते, हे कोल्हापूरकरांनीही ध्यानात ठेवावं.

‘हे किती जुनं?’ हा आपला नेहमीचा प्रश्न. भूतानमध्ये त्याच्या जोडीला ‘हे शेवटचं कधी बांधलं आणि कोणी?’ असंही वाटाड्याला विचारा. पहिल्या प्रश्नाला तो एक साल सांगेल. दुसऱ्याच्या उत्तरात सुतार, चितारी आणि त्यांना शिकवणाऱ्यांची गोष्ट येईल, आणि हा देश आपला वारसा कसा सांभाळतो ते तिथेच कळेल.