कचेरीत आपले म्हणणे पटवून देताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आपली बाजू खरी असली म्हणजे ती आपोआप मान्य होते, अशा समजुतीने नोकरीत रुजू झालेल्या मनुष्याची निर्दोष टिपणी ‘तूर्त आवश्यकता दिसत नाही’ असा शेरा घेऊन परत आली, की तो वाक्चातुर्याचे तयार उपाय शोधू लागतो. आणि त्यांतील कित्येक उपाय त्यास ऐकणाऱ्याची अडचण जाणण्यापासून अधिकच दूर नेतात.

गैरसमज १ : बोलण्याचा ९३ टक्के प्रभाव आवाज व हावभाव यांचा असतो, शब्दांचा अवघा ७ टक्के.

वस्तुस्थिती : हे आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांतून निघाले खरे; परंतु सुटा शब्द, त्याचा उच्चार आणि चेहरा यांचा मेळ बसेनासा झाला असता ऐकणारा बोलणाऱ्याच्या आवडी-नावडीचा अदमास कशावरून बांधतो, एवढाच त्यांचा विषय होता. अंदाजपत्रकातील तरतूद मुद्रेवरून कळत नाही. तेथे नेमके शब्दच लागतात.

गैरसमज २ : विनंतीस कसलेही कारण जोडले तरी चालते.

वस्तुस्थिती : एलन लँगर व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, झेरॉक्स यंत्रापाशी आलेल्या मनुष्यास ‘मला आधी प्रती काढू द्याल का?’ असे विचारण्यात आले. विचारणाऱ्याच्या प्रती त्याच्याहून कमी असल्या, तर नुसत्या विनंतीस ६० टक्के, आणि ‘प्रती काढायच्या आहेत म्हणून’ या पोकळ कारणासही ९३ टक्के रुकार मिळाला. एवढाच भाग सर्वतोमुखी झाला. प्रती अधिक असल्या, तर मात्र पोकळ कारणाची गत विनाकारण विनंतीसारखीच, म्हणजे २४ टक्के, झाली, आणि ‘मला घाई आहे’ या सकारण विनंतीस ४२ टक्क्यांनी मान दिला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढ्या दोन शब्दांवर हाताखालच्या माणसांचा रविवार मागणाऱ्या अधिकाऱ्याने हा उत्तरार्ध ध्यानी ठेवावा.

गैरसमज ३ : आपली उणी बाजू आपणच दाखविली, तर मुद्दा हातचा जातो.

वस्तुस्थिती : जपानविरुद्धचे युद्ध लांबेल असे प्रतिपादन करणारी रेडिओ-भाषणे १९४५ मध्ये अमेरिकी सैनिकांना ऐकविण्यात आली, एकात केवळ अनुकूल युक्तिवाद होता, तर दुसऱ्यात प्रतिकूल मुद्द्यांचीही दखल होती. कार्ल होव्हलंड व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, आधीच सहमत असलेल्यांवर पहिल्या भाषणाचा, परंतु विरुद्ध मताच्या व अधिक शिकलेल्या श्रोत्यांवर दुसऱ्याचा परिणाम अधिक झाला. सबब, ‘दप्तरासाठी दोन कपाटे मंजूर व्हावीत’ एवढ्यावर न थांबता, ‘चालू वर्षाची तरतूद संपत आली आहे, याची जाणीव आहे, तथापि गेल्या पावसाळ्यात भिजलेल्या नोंदवह्या पुन्हा उतरवून काढण्यात दोन कारकून महिनाभर गुंतले, तो खर्च कपाटांच्या किमतीहून अधिक आहे’ असे लिहावे, म्हणजे हिशेबनिसाची हरकत कागदावर उमटण्यापूर्वीच तिचे निरसन होते.

गैरसमज ४ : सहानुभूतीने ऐकणे म्हणजे होकार देणे.

वस्तुस्थिती : वादात प्रत्येकाने आधीच्या वक्त्याचे विचार व भावना, त्याचे समाधान होईल इतक्या अचूकपणे सांगून दाखवाव्यात आणि मगच स्वतःचे म्हणणे मांडावे, असा नियम मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये सुचविला होता. ‘घरी आईंजवळ दुसरे कोणी नाही, म्हणून शनिवारची रात्रपाळी तुम्हांस अडचणीची होते, असेच ना?’ असे विचारणाऱ्या वरिष्ठास रजा नाकारण्याची मुभा राहतेच. परंतु ‘रजा नको, शनिवारऐवजी बुधवारची पाळी द्या’ हे उत्तरही त्याच प्रश्नातून निघू शकते.