उतरत्या जमिनीचा स्टुडिओ

जिम स्टुअर्ट दिवसा बँकेत नोकरी करायचा आणि फावल्या वेळात फिडल वाजवायचा, तीही कंट्री संगीताची. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात त्याने ‘सॅटेलाइट’ नावाचं छोटंसं रेकॉर्ड लेबल काढलं, तेव्हा त्यातून कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचं घराणं उभं राहील, असं खुद्द जिमलाही वाटलं नसावं. यंत्रसामग्रीला पैसे नव्हते. थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन हिने नवऱ्याला राजी करून राहतं घर गहाण टाकलं आणि ॲम्पेक्सचं रेकॉर्डिंग मशीन आलं.

१९६० मध्ये या बहीणभावांनी मेम्फिसमधलं बंद पडलेलं कॅपिटॉल थिएटर भाड्याने घेतलं. खुर्च्या काढल्या, पडद्याकडे उतरत जाणारी जमीन मात्र तशीच ठेवली, कारण ती सपाट करणं परवडणारं नव्हतं. पुढे ज्या भरीव आवाजावर जाणकार फिदा झाले, त्यात या काटकसरीचाही वाटा होता.

जिथे पूर्वी पॉपकॉर्न विकलं जायचं, तिथे एस्टेलने रेकॉर्डचं दुकान थाटलं. लेबलचा खरा मेंदू तिथेच होता. वस्तीतली पोरं काय विकत घेतात, कशावर नाचतात, याकडे तिचं बारीक लक्ष असे. आत रेकॉर्ड झालेलं गाणं ती बाहेर गिऱ्हाइकांना ऐकवून पाही. दुकानात काम करणारा स्टीव्ह क्रॉपर स्टुडिओचा गिटारवादक झाला. तिथे रेकॉर्ड ऐकत रेंगाळणारा शाळकरी बुकर टी. जोन्स ऑर्गनवर बसला. समोरच्या किराणा दुकानातल्या डेव्हिड पोर्टरने आयझॅक हेजच्या जोडीने गाणी रचली. कलावंत शोधायला रस्ता ओलांडण्यापलीकडे जावं लागत नव्हतं!

१९६१ मध्ये नाव बदलून ‘स्टॅक्स’ झालं. पुढच्या वर्षी बुकर, क्रॉपर आणि त्यांच्या दोन साथीदारांनी सहज वाजवता वाजवता ‘ग्रीन अनियन्स’ ही धून रेकॉर्ड केली आणि ती देशभर गाजली. चौघांत एक गोरा, तिघे काळे. आणि हे त्या मेम्फिसमध्ये, जिथे हॉटेलात एका टेबलावर बसणंही दुरापास्त होतं. त्याच वर्षी एका गिटारवादकाला गाडीने घेऊन आलेल्या तरुणाला शेवटी उरलेल्या वेळात गायला मिळालं. तो ओटिस रेडिंग.

घात झाला तो कागदावर. स्टॅक्सच्या रेकॉर्ड देशभर विकायचं काम न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी करत असे. सुरुवातीला सगळं शब्दावर चालायचं. १९६५ मध्ये लेखी करार झाला आणि बँकेत मुरलेल्या जिमने तो नीट न वाचताच सही केली. अटलांटिक वॉर्नर या बड्या कंपनीच्या हाती गेल्यावर, १९६८ मध्ये कळलं, की वितरित झालेल्या गाण्यांच्या मूळ टेपांची मालकी अटलांटिकची आहे. त्याच्या काही महिने आधीच, डिसेंबर १९६७ मध्ये, रेडिंग विमान अपघातात गेला होता.

तरीही स्टॅक्स उठली. नवा सूत्रधार अल बेल याने १९६९ मध्ये एका दमात सत्तावीस अल्बम बाजारात आणून रिकामं कपाट भरलं. त्यांतल्या आयझॅक हेजच्या अल्बमने तर कमालच केली. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियमवर झालेल्या ‘वॉटस्टॅक्स’ मैफलीचं तिकीट होतं फक्त एक डॉलर. पण पसारा वाढला, कर्ज वाढलं, सीबीएस कंपनीशी केलेला वितरणाचा करारही अंगलट आला. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

थिएटर १९८९ मध्ये पाडलं गेलं. २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभं राहिलं, शेजारी वस्तीतल्या मुलांसाठी संगीतशाळाही आहे. रेडिंगची गाणी मात्र अजूनही वॉर्नरच्याच मालकीची आहेत.