डहाणूची भिंत कशी पाहावी



नाताळची अथवा दिवाळीची सुटी लागली कीं मुंबई-ठाण्याकडील पुष्कळ कुटुंबें डहाणू-बोर्डीची वाट धरतात. समुद्राची हवा, इराणी आणि पारशी बागाइतदारांच्या चिकूच्या वाड्या, बोर्डीस भरणारा चिकू महोत्सव आणि त्याच फळापासून अलीकडे तयार होऊं लागलेली वाइन, एवढें पाहून व चाखून मंडळी परततात. परततांना बहुतेकांच्या हातीं एखादी पिशवी, पेला अथवा तसबीर असते, आणि तिच्यावर तांबड्या रंगांत पांढऱ्या रेघांनीं काढलेलीं नाचणारीं माणसें असतात. तसबीर दिवाणखान्यांत टांगली जाते. परंतु तीं माणसें कोणासाठीं नाचत आहेत, असें विचारलें तर घरांतील कोणासही सांगतां येत नाहीं. चिकू घेतांना आपण तो कोणत्या गांवचा याची चौकशी करतों, वाइन घेतांना फळ कोठलें आणि हंगाम कोणता हें विचारतों. तेवढीच चौकशी त्या चित्राविषयीं केली तर त्यापासून मिळणारा आनंद किती वाढतो, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रारंभीं माझ्याच एका चुकीची कबुली देणें योग्य होईल. मी भिवंडीचा राहणारा. आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटांत गेलें, तरी मास्तरकीचीं पहिलीं कांहीं वर्षें मीं तालुक्यांतील एका खेड्याच्या शाळेंत काढलीं. जवळच्या पाड्यावरील एक वारली मुलगा तेथें चौथींत होता. चित्रकलेच्या तासास 'आमच्या घरचें लग्न' हा विषय दिला असतां त्यानें पाटीच्या मध्यभागीं एक चौकोन काढला आणि भोंवतीं, दोन त्रिकोण टोंकास टोंक लावून एक माणूस, अशीं पुष्कळ माणसें काढलीं. मीं त्यास सर्व वर्गासमक्ष विचारलें, "अरे, माणसाची कंबर अशी असते काय? आणि नवरा-नवरी कोठें आहेत?" मग फळ्यावर मीं एक माणूस काढून दाखविला. त्यानें कांहीं न बोलतां थुंकी लावून पाटी पुसली आणि माझ्यासारखा माणूस काढला. मीं त्यास शाबासकी दिली. पुढें वर्षभर तो माझाच माणूस काढीत राहिला. त्या दिवशीं मीं काय पुसावयास लावलें, हें समजण्यास मला पुष्कळ वर्षें लागलीं.

वारली समाज मुख्यत्वें डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या भागांत राहतो. हे तालुके पूर्वीं आमच्या ठाणें जिल्ह्यांतच होते; १ ऑगस्ट २०१४ रोजीं ते नव्या पालघर जिल्ह्यांत गेले. या लोकांच्या चित्रांचें मूळ ठिकाण कागद नव्हे कीं कापड नव्हे, तर लग्नघराची भिंत होय. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप आणि त्यावर गेरूचा हात, अशी ती भिंत असते. रंग म्हणजे पाण्यांत कालविलेलें तांदळाचें पीठ. तें धरून राहावें म्हणून त्यांत थोडा डिंक. कुंचला म्हणजे टोंकाशीं चावून मऊ केलेली बांबूची काडी. जें धान्य पोटांत जावयाचें त्याचाच रंग करून लिहावयाचें, म्हणून हें काम केवळ हौसेचें नाहीं.

तें लिहिण्याचा मान सवाशिणींचा. लग्नाच्या वेळीं त्या भिंतीवर जो चौकोन लिहितात त्यास लग्नचौक अथवा देवचौक म्हणतात. आंत पालघट देवी असते. वनस्पतींची आणि संततीची वाढ करणारी ती माता होय. तिच्या शेजारीं लहान चौकांत पांच शिरांचा पंचशिऱ्या देव असतो. चौकाच्या कडा नाजूक नक्षीच्या पट्ट्यांनीं भरलेल्या असतात, आणि बाहेर झाडें, पाखरें, वरात व नाच यांची गर्दी असते. लग्न लावणारी बाई धवलेरी हिचीं गाणीं आणि हा चौक यांवांचून तेथें लग्न लागत नाहीं. ब्राह्मणी लग्नांत जें स्थान अंतरपाटास आणि मंगलाष्टकांस, तेंच येथें या दोहोंस आहे असें म्हटलें तर कल्पना येईल. माझ्या विद्यार्थ्यानें मध्यभागीं काढलेला चौकोन घराचा नव्हता. तो देवीचा होता, आणि मी त्यांत नवरा-नवरी शोधीत होतों.

आतां भोंवतालच्या आकृतींकडे वळूं. त्यांची बाराखडी तीन अक्षरांची आहे: वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आलें, त्रिकोण डोंगर आणि शेंडेदार झाडें पाहून आला, आणि चौकोन ही राखलेली पवित्र जागा, असा त्यांचा उलगडा करतात. वरचा त्रिकोण धड, खालचा कटिभाग. दोहोंचीं टोंकें जेथें मिळतात तेथें कंबर. म्हणून हें माणूस उभें असलें तरी जणूं आतां वळेल, वांकेल असें दिसतें. मीं फळ्यावर काढलेला माणूस शरीरशास्त्राप्रमाणें बरोबर होता, पण तो नाचूं शकला नसता. चित्राच्या मध्यभागीं जो वाद्य घेऊन उभा असतो तो तारपावाला. तारपा वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचें पान यांचा करतात. त्याचे सूर बदलतील तशीं पावलें बदलतात. नाचणारे एकमेकांस धरून त्याच्याभोंवतीं गुंडाळीसारखे फिरतात आणि वाद्याकडे पाठ करीत नाहींत. आपल्या पेल्यावरील नाच तो हाच. जवळच उंच झाडावर कोणी चढत असेल तर तो ताडी काढणारा आहे असें समजावें. चिकूच्या वाइनच्या फार पूर्वींपासून या भूमीचें पेय तें आहे, आणि त्याचें चित्र भिंतीवर देवीच्या शेजारीं निःसंकोचपणें येतें.

या भिंती बाहेरच्या जगास कशा कळल्या? १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळांत मिथिलेच्या स्त्रियांस कागद देऊन त्यांच्या भित्तिचित्रांना अर्थार्जनाची वाट करून देण्याच्या सरकारी कार्यांत भास्कर कुलकर्णी हे चित्रकार होते. तेच पुढें डहाणूकडे आले. तेथें त्यांना गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे यांची आई लहानपणींच गेली. त्यानंतर कित्येक वर्षें ते बोलेनासे झाले आणि धुळींत चित्रें काढूनच मनांतलें सांगत, असें त्यांच्याविषयीं सांगतात. लग्नाचा प्रसंग नसतांही, आणि पुरुष असूनही, ते रोज चित्रें काढीत. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड कलादालनांत त्यांचीं चित्रें लागलीं. १९८९ सालीं पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनांत तीं जगभरच्या कलावंतांच्या शेजारीं मांडलीं गेलीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. मासे पकडण्याचें एखादें जाळें त्यांनीं कागदभर असें पसरावें कीं त्याचा प्रत्येक डोळा वेगळा दिसावा.

कागदामुळें पुष्कळ लाभ झाला यांत संशय नाहीं. कित्येक पाड्यांवर चूल या कलेवर पेटते. परंतु भिंतीवरून कागदावर येतांना एक गोष्ट बदलली: जें काम सवाशिणींचें होतें तें बाजारांत मुख्यत्वें पुरुषांच्या नांवें गेलें, आणि चौकापेक्षां नाचास गिऱ्हाईक अधिक मिळूं लागलें. पुढें शहरांतील कारखाने तीच आकृति यंत्रानें छापूं लागले. छापील पेल्यापासून पाड्यावर एक पैही जात नाहीं.

यापेक्षांही खोल अशी एक गोष्ट त्या चौकामागें आहे. लग्नासाठीं वारली माणूस सावकाराकडून अथवा जमीनदाराकडून कांहीं रुपये घेई आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, पति-पत्नी दोघेंही त्याच्या घरीं राबत. अशांना लग्नगडी म्हणत. ज्या भिंतीवर सवाशिणी पालघट लिहीत, त्याच भिंतीखालीं हें ऋण सुरू होई. जानेवारी १९४५ मध्यें आमच्या भिवंडीपासून जवळ असलेल्या तिटवाळ्यास किसान सभेचें अधिवेशन भरलें, त्यास कांहीं वारलीही आले होते. त्याच वर्षीं शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याबरोबर उभे राहून त्यांनीं वेठ आणि लग्नगडीची पद्धति मोडून काढली. गोदावरीबाईंनीं ती हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत लिहिली आहे; डहाणूस जाण्यापूर्वीं तें अवश्य वाचावें. मग चित्रांतील नाचाकडे पाहतांना तो नाच किती महाग होता, याची आठवण राहील.

आतां व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. भिवंडी रोडहून वसईची गाडी धरावी आणि वसईस बदलून डहाणूस उतरावें. २०१३ पासून मुंबईच्या लोकल गाड्याही तेथवर जातात. चिकूच्या वाडींत घालवाल त्यांतला अर्धा दिवस पूर्वेकडील गंजाडच्या बाजूस द्यावा. कोणाच्या घरांत विचारल्यावांचून शिरूं नये. लग्नचौक हें देवस्थान आहे, त्याचें छायाचित्र परवानगीनेंच घ्यावें. चित्र घेतांना प्रथम तें काढणाऱ्या हाताची गांठ घ्यावी. कोणी काढलें, रेघ कोणाची आणि भरणी कोणाची, घरांतील बायांचा हात त्यांत आहे काय, हें विचारावें आणि नांव पाठीमागें लिहून घ्यावें. घासाघीस करूं नये. वारली चित्रकलेस २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं. म्हणजे त्या प्रांताच्या फळाइतकेंच त्याच्या रेघेचेंही गांव आतां कायद्यानें ठरलेलें आहे. चिकूची पारख करणाऱ्यानें चित्राचें गांव विचारण्यास संकोच कां करावा?

आणि घरीं आल्यावर तें मुलांस दाखवावें. परंतु समजावून सांगण्याची घाई करूं नये. प्रथम त्यांना विचारावें, "यांत काय चाललें आहे?" आणि तीं काय सांगतात तें ऐकावें. त्या दिवशीं वर्गांत मीं एवढेंच विचारलें असतें तर त्या मुलानें मला पालघटाचें नांव सांगितलें असतें, आणि शिकण्याची पाळी माझी आली असती.